नऊ पुरुष, अकरा बायका आणि राहून गेलेलं कद्दीश: आपलं सिनेगॉग सगळ्यांचं कसं होईल?

घाण्यावरची

शालोम सगळ्यांना. पहिल्यांदाच एवढं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात पपांची वर्षाची जियारत, म्हणजे स्मरणाची प्रार्थना, होती. गुरुवारी संध्याकाळी आम्ही सगळे सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनागृहात, जमलो. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तेबावर (मधल्या चौथऱ्यावर) जाऊन उभे राहिले, पुस्तकं वाटून झाली आणि मग मोजणी झाली, कारण सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. पुरुष नऊ. बायका अकरा. माझा भाचा पुढच्या रांगेत टोपी नीट करत उभा होता, पण त्याला तेरा पूर्ण व्हायला तीन महिने बाकी. पाऊण तास फोन करत बसलो. एक जण गाडीत अडकलेला, एकाला ताप, एक जण गेल्याच वर्षी इस्राएलात अश्दोदला गेलेला. शेवटी हजान हळूच म्हणाले, आज कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, होणार नाही. भावानं पुस्तक मिटलं. आईच्या मांडीवर मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांचं, ताट होतं, रुमालानं झाकलेलं. ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तो मलिदा आम्ही जेवणाच्या टेबलावरच आशीर्वाद म्हणून वाटला.

हजानांवर माझा राग नाही. नियम त्यांनी केलेला नाही आणि त्यांचे डोळेही ओले होते. पण त्या रात्रीपासून एक विचार पाठ सोडत नाही. आपण बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी, भारतात आता चार-पाच हजार उरलोय, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. दहा माणसं जमण्याची वाट बघत बसायचं, की जी वीस माणसं आली होती त्यांचा समाज बांधायचा?

पिर्के आबोथ या आपल्या जुन्या वचनसंग्रहात म्हटलंय की जग तीन गोष्टींवर उभं आहे: तोरा (आपलं धर्मशास्त्र), उपासना आणि एकमेकांशी भलेपणानं वागणं. लहानपणी हे पाठ केलं होतं. आता वाटतं की आपण मधल्या एकाच खांबावर सगळा भार टाकलाय. शिकणं बार मित्झ्वाला, तेराव्या वर्षीच्या विधीला, संपतं. सेवा म्हणजे संस्थेला देणगी. आणि ज्याला हिब्रू येत नाही, ज्याची बायको बाहेरची आहे, ज्याचं आडनाव कुणाला ठाऊक नाही, तो दाराच्या मेझूजाला (चौकटीवरच्या वचनाच्या डबीला) हात लावून मागच्या बाकावर बसतो आणि प्रार्थना संपली की गुपचूप निघून जातो.

महिन्यातून एका शनिवारी, हब्दाला (शब्बाथ संपल्याचा विधी) झाल्यावर, दोन तास एकत्र बसायचं असं मनात आहे. त्या आठवड्याचं तोरातलं प्रकरण मराठीत वाचायचं, चर्चा करायची, मग मलिदा. आणि पुढच्या रविवारी काहीतरी हातानं करायचं काम. कुणी असं केलंय का? काय जमलं, काय फसलं ते सांगा.

जुना_मुकादम

ताई, पपांना माझं स्मरण. त्यांचा आवाज आठवतो. 'एलियाहू हन्नाबी' हे गीत त्यांनी उचललं की खिडकीची तावदानं हलायची.

तुम्हाला काय वाटलं असेल ते कळतं. तरीही माझं मत स्पष्ट लिहितो. मिन्यान म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. हे आपण कोकणात विसरलो नव्हतो असं नाही, बरंच काही विसरलो होतो. आपल्याकडे सांगतात की दाविद राहबी हे यहुदी शिक्षक आले तेव्हा आपल्या लोकांना शब्बाथ (शनिवारची विश्रांती) ठाऊक होता, सुंता ठाऊक होती, खवले आणि पंख नसलेला मासा ते खात नव्हते, आणि शेमा इस्राएल ही मूळ प्रार्थना पाठ होती. बाकी सगळं त्यांनी पुन्हा शिकवलं. जे शेकडो वर्षांनी परत मिळालं ते सोयीसाठी सोडायला माझं मन धजत नाही.

पण दहा नसले की सगळंच बंद होतं हा समज चुकीचा आहे. कद्दीश होत नाही, केदुशा (देवाच्या पवित्रतेची प्रार्थना) होत नाही, सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, काढून वाचत नाहीत. शेमा म्हणता येतं. स्तोत्रं म्हणता येतात. प्रत्येकाला आपली प्रार्थना करता येते. आणि अभ्यासाला तर दोघे पुरे. त्या संध्याकाळी तुम्ही वीस जण स्तोत्रं म्हणून, पपांच्या नावानं तोरातलं एक प्रकरण वाचून घरी गेला असतात तर जियारत रिकामी गेली नसती. हे तिथं कुणी सुचवलं नाही, याची खंत आम्हा म्हाताऱ्यांनी करायला हवी.

तुमच्या शनिवारच्या बैठकीला माझा पूर्ण पाठिंबा. जिना चढवत नाही, पण येईन.

घाण्यावरची

मुकादम काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी आपण असंच करू, दहा होवोत न होवोत.

बाबांचीमुलगी

मागच्या बाकावरून गुपचूप निघून जाणारी मीच.

बाबा बेने इस्राएल, आई मराठा. घरी दोन्ही होतं. दारफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पुरला, बाबांबरोबर दिवसभर उपास, दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला पुऱ्या वाटायला मी. बिरड्याच्या सणाला (मंदिर पडल्याच्या उपासाला) आईच वाल सोलायची, कारण बाबांना सोलता यायचे नाहीत. दहावीत असताना एका प्रार्थनागृहात तरुणांच्या शिबिरासाठी नाव द्यायला गेले. अर्ज घेणाऱ्या बाईंनी आईचं माहेरचं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी अर्ज घडी घालून माझ्या हातात परत दिला. रागावल्या नाहीत, उलट गोड बोलल्या. पण तो घडी घातलेला कागद अजून माझ्याकडे आहे.

आईकडून वंश धरतात हे मला कळतं. मला कुणाचा नियम मोडायचा नाही. मला एवढंच विचारायचंय की वाचायला, पोहे भिजवायला, कबरी झाडायला आईचं नाव लागतं का?

घाण्यावरची

नाही लागत. शनिवारी ये. आईंनाही आण.

जुना_मुकादम

मुली, अभ्यासाच्या चटईवर कुणी कुणाचं कूळ विचारू नये. विचारलं तर मला सांग.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांना आठवण म्हणून लिहितो, कारण ती लपवून उपयोग नाही. आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पिढ्यान्‌पिढ्या होता. ज्यांची आई बाहेरची त्यांच्या वंशाला 'काळे' म्हणत. रंगाशी त्याचा संबंध नव्हता. त्यांच्याशी लग्नसंबंध होत नसत आणि मानपानातही त्यांना मागं ठेवलं जाई. माझ्या आजोबांच्या तोंडी हे शब्द सहज येत. आज ते कुणी उच्चारत नाही, पण सवय शब्दाच्या नंतरही काही काळ टिकते.

नेगेवमधून

इस्राएलमधल्या दिमोनाहून शालोम. इथे रात्रीचे अकरा वाजलेत, पण काकांचं वाचून झोप उडाली.

कूळ विचारलं जाणं काय असतं ते आमच्या आईवडिलांनी इथे भोगलंय. १९६२मध्ये इथल्या मुख्य रब्बीनतनं, म्हणजे धर्मगुरूंच्या मंडळानं, विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्राएलांपैकी कुणी बाहेरच्या समाजात लग्न करत असेल तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितकी मागची चौकशी करावी. पनवेल, पेण, रोह्याहून आलेली माणसं. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना गाव 'शनिवार तेली' म्हणायचं, त्यांनाच इथे तुम्ही पुरते यहुदी आहात का असं विचारलं गेलं. १९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये निदर्शनं करत बसले, बायकामुलांसकट. माझी आई तेव्हा नऊवारीत होती. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, इथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. मग त्या सूचनांमधून आपल्या समाजाचं नाव निघालं.

आई सांगायची की त्या दिवसांत माणसांना धरून ठेवलं ते एकत्र स्वयंपाकानं आणि मराठी गाण्यांनी. इथे मराठीतून 'मायबोली' हे नियतकालिक निघत आलंय, मलिदा होतो, आणि आमच्या सिनेगॉगमध्ये मोरोक्कोचे शेजारी येऊन मलिदा मागून खातात. मात्र खरं सांगते, माझ्या नातवंडांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. तुमच्याकडे उलटं आहे. मराठी आहे, हिब्रू नाही. महिन्याला एक तास व्हिडिओवर बसू या का? आमची पोरं तुमच्या पोरांना आलेफ-बेथ शिकवतील, तुमची त्यांना क-ख-ग. कुणी पाहुणा नाही, कुणी यजमान नाही.

कीर्तनवेडा

मराठीतून शिकण्याची कल्पना नवी नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

एकोणिसाव्या शतकात आपल्या लोकांना हिब्रू पुन्हा हाती लागलं त्यात मराठीचा मोठा वाटा आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं, धर्मांतर घेतलं नाही. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी उपासना शिकवली. मग आपलेच विद्वान पुढे आले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. १८७४मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापली गेली, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी, चित्रांसकट. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. पुढे तिथे सगळ्या धर्मांची मुलं शिकू लागली. माझे वडील सांगत की त्यांच्या वर्गात हिब्रूच्या तासाला मुसलमान मुलंही हौसेनं बसायची.

आणि कीर्तन! १८८०च्या सुमारास आपल्या लोकांनी हरिदासी कीर्तन ऐकलं आणि ठरवलं की अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं आख्यान असंच लावायचं. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, सगळं. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तो प्रसंग ओवीसकट पाठ असायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही त्यात घेतलं होतं. सर्वांना सामावून घेणारं शिक्षण यापेक्षा वेगळं काय असतं?

माझ्याकडे आजीच्या वहीत योसेफ आख्यानातली पदं आहेत. चाल मला येते. पेटीवाला कुणी आहे का?

रास्तापेठ

पुण्याहून. पेटी मी वाजवतो.

बाहेरच्या लोकांना पुण्यात लाल देऊळच ठाऊक असतं, डेव्हिड ससूननं बांधलेलं ओहेल दाविद. पण बेने इस्राएलांचं आमचं छोटं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग रास्ता पेठेत आहे. शिकण्याबाबत आमचा अनुभव सांगतो. आम्ही प्रार्थनेची मुख्य पानं देवनागरी लिपीत टंकून घेतली. वर हिब्रू, मधे देवनागरीत उच्चार, खाली मराठी अर्थ. ठळक मोठी अक्षरं. पहिल्या दिवशी सत्तरीच्या एक आजी ते पान डोळ्यांजवळ धरून वाचू लागल्या आणि मधेच थांबल्या. म्हणाल्या, 'अगोबाई, याचा अर्थ असा होय? मी साठ वर्षं म्हणतेय.' पुढचा अर्धा तास त्याच बोलत होत्या.

फसलं काय ते पण सांगतो. दरवेळी एकच जाणकार माणूस बोलला की तिसऱ्या महिन्यात लोक येईनासे होतात. म्हणून आम्ही नियम केला की प्रकरण दर महिन्याला वेगळ्या घरानं मांडायचं, आणि त्या घरातल्या सर्वांत लहान माणसानं पहिला प्रश्न विचारायचा.

घाण्यावरची

दादा, ती पानं पाठवाल का? आणि हा लहान माणसाचा नियम मी आत्ताच उचलला.

आता अवघड प्रश्न विचारते. बायकांचं काय? काकांना मान देऊनच विचारते. त्या दिवशी अकरा बायका होत्या.

बाबांचीमुलगी

डॉ. जेरुशा झिराड यांच्याबद्दल मी वाचलंय. बेने इस्राएल, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६मध्ये पद्मश्री. लंडनला शिकायला गेल्या तेव्हा तिथली उदारमतवादी यहुदी उपासना त्यांनी जवळून पाहिली, आणि परत आल्यावर १९२५मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली. तिथूनच भायखळ्याचं रोदेफ शालोम सिनेगॉग. स्त्री-पुरुष एकत्र बसतात, आणि प्रार्थनेत लोकांना कळणारी भाषा. म्हणजे हा प्रश्न आपल्यात शंभर वर्षांपूर्वी एका बाईंनी विचारला आणि उत्तरही उभं करून दाखवलं.

जुना_मुकादम

डॉक्टर झिराड यांना मी लहानपणी पाहिलंय. त्यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. ज्याला रोदेफ शालोमला जायचं त्यानं आनंदानं जावं, ते आपलंच घर आहे. आमच्या जुन्या सिनेगॉगमध्ये मोजणी बदलावी असं मी म्हणणार नाही. या वयात माझं मत बदलेल असंही वाटत नाही.

पण मोजणीखेरीज बायकांना काय काय नाकारलं जातं याची यादी मी काल रात्री मनाशी केली आणि मला लाज वाटली. विश्वस्त मंडळात किती बायका आहेत? प्रकरणावर उभं राहून बोलायला कुठल्या नियमानं बंदी आहे? कुठल्याच नाही. चाव्या कुणाकडे, हिशेब कुणाकडे, सणाला कुठल्या आजारी माणसाकडे हलवा पोचला आणि कुठे नाही हे कुणाला ठाऊक असतं? बायकांना. मग निर्णयाच्या बैठकीत त्या चहा का देत असतात? हे बदलायला रब्बीची परवानगी लागत नाही. पुढच्या सभेत मी स्वतः हा विषय मांडीन. लिहून ठेवा आणि विसरलो तर आठवण करा.

नेगेवमधून

काका, तुमच्या पाया पडते इथूनच.

चौलचा_सुपारीवाला

नमस्कार. मी तुमच्यातला नाही. चौलला आमची सुपारीची वाडी आहे. शोधता शोधता हा धागा सापडला आणि सगळा वाचला. लिहू का नको असं वाटलं, मग म्हटलं लिहावंच.

माझी पणजी सांगायची, शनिवारी तेल संपलं तरी मागायला जायचं नाही, त्यांचा घाणा बंद असतो. आमच्याकडे हे धर्माबिर्माच्या गोष्टीसारखं सांगत नसत. वाराची माहिती म्हणून सांगत. रेवदंड्याचं बेथ एल, अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ, ही सिनेगॉगची नावं आम्हाला गावच्या देवळांसारखीच ठाऊक. माणसं गेली, घरं विकली गेली. नवगावला जिथं तुमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात तिथं स्मारक आहे, तिथं लोक येतात. पण गावोगावची छोटी दफनभूमी मात्र करवंदीच्या जाळीत गेली आहे. आमच्या जवळच्या एकीत मी दर दिवाळीआधी कोयता घेऊन वाट मोकळी करतो. दगडांवर वर तुमची अक्षरं आहेत, खाली मराठी. 'कै.' लिहिलंय, आडनावं सगळी आमच्या आजूबाजूच्या गावांची. ते वाचून कोयता जपून चालवतो.

तुम्ही रविवारच्या कामाचं म्हणालात. इथे या. कोयते, घमेली, पाणी माझ्याकडे. जेवण घरचं करू, पण तुमचं कोशेर, म्हणजे तुम्हाला चालणारं जेवण, कसं असतं ते आधी सांगा.

घाण्यावरची

दादा, हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

जेवणाचं सोपं आहे. शाकाहारी ठेवा, म्हणजे प्रश्नच नाही. आमच्याकडे मटण आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून तर आपल्या कोकणात नारळाच्या दुधावर सगळं निभावलं. वालाचं बिरडं केलंत तर लोक दुप्पट येतील.

रास्तापेठ

दगडांसाठी सूचना: तारेचा ब्रश आणि आम्ल अजिबात वापरू नका, अक्षरं जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, शेवाळ ओलं करून बांबूच्या चपट्या काडीनं काढा. प्रत्येक दगडाचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, पुसट अक्षरंही उठून दिसतात. आणि निघताना हात धुवायला पाणी ठेवा.

जुना_मुकादम

एक व्यवहाराची गोष्ट. शनिवारच्या बैठकीला शेजारी, मित्र, नातलग कुणीही येवोत, पण २००८च्या हल्ल्यानंतर सिनेगॉगच्या दाराशी पोलीस असतात. येणाऱ्यांची नावं दोन दिवस आधी कळवा आणि ओळखपत्र आणायला सांगा. दारात कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपला एक माणूस बाहेर उभा राहील. पहिल्या महिन्यात तो मी.

कीर्तनवेडा

काका, तुम्ही खुर्चीवर बसा, उभा मी राहतो.

घाण्यावरची

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

शनिवारी चौतीस जण आले. मी दोन किलो पोहे भिजवले होते. बाबांचीमुलगी तिच्या आईला घेऊन आधीच आली. तिची आई परातीसमोर बसली, पोहे मुठीत दाबून पाणी निथळवलं, मग ओलं खोबरं, गूळ, वेलची. माझी आई म्हणाली, 'हलक्या हातानं, लगदा होतो.' ती म्हणाली, 'अहो, मी लग्नापासून करतेय.' मग दोघी हसल्या आणि एकाच परातीत चार हात. पाच फळं मांडली, सब्जाची डहाळी सगळ्यांच्या नाकाखालून फिरली. रास्तापेठ दादांची पानं प्रत्येकाच्या हातात होती, त्यामुळे 'एलियाहू हन्नाबी' पहिल्यांदाच मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं. पहिला प्रश्न माझ्या भाच्यानं विचारला: अब्राहामाचा तंबू चारी बाजूंनी उघडा होता असं म्हणतात, मग पावसाळ्यात ते काय करत? पाऊण तास त्यावरच गेला. काकांनी दोनदा मत बदललं.

रविवारी चौलला एकोणीस जण गेलो, बारा आपले, सात गावातले. दुपारपर्यंत तेवीस दगड मोकळे झाले. एकावर आलेफ ते ताव सगळी अक्षरं झिजलेली, पण भाच्यानं पाणी मारून मारून एक नाव लावलं. आडनाव आमचंच निघालं. कोण ते आईलाही सांगता आलं नाही. आम्ही तिथं दगडावर छोटे खडे ठेवले, सुपारीवाले दादांनीही ठेवला.

तिथं पुरुष किती होते ते मोजायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकांच्या आलं. मोटारीतल्या खुर्चीतून उतरून, काठी टेकत ते आले आणि म्हणाले, 'तुझा भाचा मागच्या आठवड्यात तेरा पूर्ण झाला ना? मग आपले दहा आहेत.' भावानं पुस्तक उघडलं. पपांचं कद्दीश तिथं झालं.

पुढचा शनिवार कीर्तनवेडा यांच्या घराचा. योसेफ आख्यान, पेटीसकट. नावं गुरुवारपर्यंत कळवा.

बाबांचीमुलगी

आम्ही दोघी. पोहे यावेळी आई आणतेय.